आगंतुक अस्वलाचा वध

आइसलंड बेटाच्या वायव्य टोकाला योकुलफिर्दिर नावाचा जो खाड्यांचा समूह आहे, आणि जिथली कायमची वस्ती गेल्या शतकाच्या मध्यासच उठून गेल्यामुळे आता केवळ उन्हाळ्यापुरती काही घरे उघडतात व थंडीची चाहूल लागताच पुन्हा बंद होतात, तिथे १९ सप्टेंबर २०२४ रोजी एका घराच्या दाराशी एक पांढरे अस्वल आले आणि कचरा उचकू लागले. आसपासची मंडळी हंगाम संपवून परतली होती. घरात एक वृद्ध बाई एकट्याच होत्या. त्यांनी माडीवर जाऊन स्वतःला कोंडून घेतले, उपग्रहाच्या आधाराने रेक्याविकमधील आपल्या मुलीला वर्दी दिली आणि मदत येईपर्यंत त्या वरच थांबल्या. पोलिसांनी पर्यावरण खात्याकडे विचारणा केली. अस्वलाला पकडून अन्यत्र हलविण्याची तजवीज करण्यास खात्याने नकार दिला. आणि दीड-दोनशे किलो वजनाचे, अजून पुरते वाढलेलेही नसलेले ते जनावर त्या घराजवळच गोळी घालून मारण्यात आले. हेलिकॉप्टरमधून सभोवतालचा मुलूख धुंडाळून दुसरे अस्वल नसल्याची खातरजमा झाली, मृत देह तपासणीसाठी निसर्गविज्ञान संस्थेकडे रवाना झाला, आणि बाईंनी (साऱ्या वृत्तांतात मला हीच गोष्ट विशेष वाटली) घाबरून शहर गाठण्याऐवजी आणखी काही काळ तिथेच राहण्याचे ठरविले.

अशा प्रसंगानंतर जो वाद उसळतो त्याचे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आता इतके ठरून गेले आहेत, की कोणी कोणत्या गावी बसून बोलत आहे एवढे कळले तरी तो काय बोलणार याचा अंदाज बांधता यावा. एक पक्ष म्हणतो की ज्या प्राण्याचे घरच माणसाच्या धुराने वितळत चालले आहे, तो भुकेने व्याकूळ होऊन दाराशी आला असता त्याला गोळी घालणे हे दुहेरी पातक होय. बेशुद्ध करून त्यास परत बर्फावर नेऊन सोडण्याचे शास्त्र उपलब्ध असताना सरकार बंदूक उचलते ते केवळ आळसापोटी किंवा कंजूषपणापोटी. दुसरा पक्ष म्हणतो की भूतदया ही फार मोलाची खरी, परंतु तिचा हप्ता भरण्यासाठी म्हाताऱ्या बाईचा जीव तारण ठेवण्याचा अधिकार दूरच्या शहरातल्या लोकांना कोणी दिला? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण दोघेही ज्या क्षणावर बोट ठेवतात, म्हणजे बंदुकीचा चाप ओढला जाण्याचा क्षण, तो माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कमी महत्त्वाचा क्षण आहे. त्या वेळी हाताशी औषध नसते, पिंजरा नसतो, शिकवलेला माणूस नसतो आणि दिवस मावळत आलेला असतो; तेव्हा जे घडते त्याला निर्णय म्हणणेही कठीण. खरा निर्णय त्याआधी कित्येक वर्षे, कोणत्यातरी दफ्तरात, जमाखर्चाचा ताळेबंद मांडताना होऊन गेलेला असतो, आणि त्या वेळी तिथे अस्वलही हजर नसते व वर्तमानपत्राचा बातमीदारही नसतो.

हे म्हणणे पटण्यासाठी आधी हे अस्वल आइसलंडात येते कसे ते पाहिले पाहिजे, कारण ते तिथले रहिवासी नव्हे. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला धरून एक थंड प्रवाह उत्तर महासागरातील बर्फाच्या प्रचंड लाद्या दक्षिणेकडे वाहून आणतो. या बर्फावर सील मासळी खाऊन विसावतात आणि सीलच्या मागावर पांढरे अस्वल हिंडते, कारण सीलची चरबी हाच त्याच्या वर्षभराच्या उदरनिर्वाहाचा कणा आहे. वारे फिरले की बर्फ आइसलंडच्या दिशेने सरकतो. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधील सामुद्रधुनी तिच्या अरुंद भागातही सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. लादी फुटली वा वितळली म्हणजे वर बसलेल्या जनावराला पोहण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि हा प्राणी मोठा पट्टीचा पोहणारा असल्यामुळे कधीकधी तो थकून, रोडावून, पण जिवंत किनाऱ्याला लागतो. नवव्या शतकात बेटावर वसाहत झाल्यापासून अशा सुमारे ६०० अस्वलांच्या आगमनाची नोंद असल्याचे तिथले निसर्गशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे हा प्रकार तापमानवाढीच्या आधीपासून, किंबहुना त्या देशाच्या इतिहासाच्या पहिल्या पानापासून चालत आलेला आहे.

त्या पहिल्या पानावरची नोंद तर मोठी रोचक आहे. वसाहतकारांच्या पिढीतील इंगिमुंड नावाच्या सरदाराला उत्तरेकडील एका सरोवरापाशी एक अस्वलीण आणि तिची दोन पिल्ले सापडली, आणि त्याने ती नॉर्वेला नेऊन राजा हाराल्ड यास नजर केली, असे वसाहतीच्या बखरीत लिहिले आहे. पुढे, योकुलफिर्दिर ज्यात मोडते त्या पश्चिम खाड्यांच्या प्रदेशातील औदुन नावाच्या एका गरीब माणसाची कथा प्रसिद्ध झाली, ज्याने ग्रीनलंडात आपली सगळी पुंजी देऊन एक अस्वल विकत घेतले व ते डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून नेले. जिवंत अस्वल हा त्या काळी नजराणा होता, मेलेले अस्वल ही उंची कातड्याची मिळकत होती, आणि कोणत्याही रूपात ते आले तरी त्याच्याविषयी दया बाळगावी असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. दया पुष्कळ उशिरा आली. १९९३ साली मच्छीमारांनी भर समुद्रात पोहत चाललेल्या एका अस्वलाला दोरीचा फास घालून मारले तेव्हा देशातच मोठा संताप व्यक्त झाला, आणि पुढच्या वर्षीच्या वन्यजीव कायद्याने पोहणाऱ्या व बर्फावरच्या अस्वलाला संरक्षण दिले. जमिनीवर आलेल्या अस्वलापासून माणसाला किंवा गुराढोरांना धोका असेल तर मात्र ते मारण्याची मुभा राखून ठेवली. २०२४ची गोळी ही या मुभेखाली झाडलेली गोळी होती.

आता २००८ सालच्या जून महिन्याकडे वळू, कारण या वादाची सगळी पात्रे त्या पंधरवड्यात एकत्र रंगमंचावर आली होती. ३ जून रोजी उत्तर आइसलंडातील स्कागाफ्योर्दुर इलाख्यात, डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस एक अस्वल दिसले. बातमी फुटताच मोटारी घेऊन बघ्यांची गर्दी लोटली. वर धुके उतरू लागले. बेशुद्धीचे औषध आणि ते मारण्याची सामग्री वेळेत पोहोचण्याजोगी नव्हती. धुक्यात जनावर दिसेनासे झाले तर ते कोणत्या शेतावर उगवेल याचा नेम नाही, असे म्हणून पोलिसांनी त्यास गोळी घातली. त्याच्या थोडेच आधी अमेरिकेच्या सरकारने या प्राण्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले होते, आणि बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात माणसाच्या हाती वाढलेल्या क्नुट नावाच्या पिल्लाने साऱ्या युरोपाला वेड लावलेले होते. अशा वातावरणात आइसलंडच्या पोलिसांच्या वाट्याला जे शब्द आले असतील त्यांची कल्पना वाचक करू शकतील.

आणि नियतीचा विनोद असा की दोन आठवड्यांच्या आतच, १६ जून रोजी, त्याच भागातील ह्राउन नावाच्या शेतावर दुसरे अस्वल आले. आयडर बदकांच्या मऊ पिसांवर ज्यांचा संसार चालतो अशा शेतांपैकी हे एक. घरातील मुलगी बदकांच्या घरट्यांकडे गेली असता तिला ते दिसले. या वेळी सरकारने ठरविले की काहीही झाले तरी हे जनावर वाचवायचे. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयातून तज्ज्ञ पशुवैद्य बोलावण्यात आला, पिंजरा विमानाने आला, पर्यावरणमंत्री जातीने घटनास्थळी पोहोचल्या, एका धनाढ्य कंपनीने खर्चाचा भार उचलण्याची तयारी दर्शविली. दुसरा दिवस १७ जूनचा, म्हणजे देशाच्या राष्ट्रीय सणाचा. बेशुद्धीची सुई लागू व्हावी एवढ्या अंतरावर जाण्याचा प्रयत्न होत असतानाच अस्वल बिथरले आणि समुद्राच्या दिशेने धावत सुटले. पाण्यात गेले तर हातचे जाईल आणि रात्री कुठेतरी पुन्हा किनाऱ्याला लागेल, या भीतीने शेवटी त्यालाही गोळीच घालण्यात आली. तपासणीत ती अशक्त झालेली, अंगावर जखमा असलेली मादी निघाली.

बेशुद्ध करणे म्हणजे काय याचा उलगडा इथे करणे भाग आहे, कारण शहरातील सहानुभूतीचा सगळा डोलारा या एका कल्पनेवर उभा असतो. औषधाची सुई फेकणारी बंदूक मोजक्या मीटरांपलीकडे भरवशाची नसते. वजनाचा अंदाज चुकला तर मात्रा एक तर अपुरी पडते किंवा प्राणघातक ठरते. सुई लागल्यापासून जनावर आडवे होईपर्यंत कित्येक मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांत चवताळलेले अस्वल माणसावर येऊ शकते किंवा पाण्यात शिरून गुंगीत बुडून मरू शकते. म्हणून जिथे हे काम नित्याचे आहे तिथे ते हेलिकॉप्टरमधून, मोकळ्या मैदानावर, वर्षानुवर्षे हाच उद्योग केलेल्या माणसांकडून केले जाते. एवढे करूनही पुढचा प्रश्न उरतोच, की नेऊन सोडायचे कुठे? आइसलंडजवळ त्याच्या मालकीचा बर्फ नाही. पलीकडचा किनारा दुसऱ्या सत्तेच्या अमलाखालचा, आणि तिथे स्थानिक शिकारी ठरावीक संख्येच्या मर्यादेत याच कळपातील अस्वले दरवर्षी कायदेशीरपणे मारतात. लाखो खर्चून परत पाठविलेले जनावर पुढच्या हिवाळ्यात कोणाच्या तरी स्लेजवर लादले जाण्याची शक्यता दृष्टिआड करून चालत नाही.

या अनुभवानंतर सरकारने नेमलेल्या समितीने सल्ला दिला तो रोकडा होता. किनाऱ्याला लागणारी अस्वले मारावीत. त्यात माणसांची सुरक्षितता आहे, पूर्व ग्रीनलंडच्या अस्वलसंख्येवर त्याचा परिणाम होत नाही, आणि वाचविण्याचा खर्च फलाच्या मानाने अवास्तव आहे. त्यानंतर २०१० साली ईशान्येला, २०११ साली होर्नस्ट्रांदिरच्या निर्जन किनाऱ्यावर, २०१६ साली पुन्हा उत्तरेकडील स्कागी द्वीपकल्पावर, आणि शेवटी २०२४ साली, जे जे आले ते ते मारले गेले. टीकाकारांना यात निर्दयपणा दिसतो. मला यात निदान एक प्रामाणिकपणा दिसतो, की देशाने आपला हिशोब उघड मांडला आणि तो लपविला नाही. मात्र हा हिशोब मांडल्यावर ‘आमच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता’ असे म्हणण्याचा हक्क त्यांनी सोडून दिला, हेही तितकेच खरे. इलाज होता, तो महाग म्हणून नामंजूर करण्यात आला. सरासरीने तीन-चार वर्षांत एखादेच येणाऱ्या पाहुण्यासाठी बारमाही पथक बाळगणे चार लाखांहून कमी लोकवस्तीच्या देशाला परवडत नसेल तर तसे म्हणण्यात लाज नाही.

इथे जातीचा प्रश्न आणि जिवाचा प्रश्न यांची जी सरमिसळ सर्रास होते तिच्याकडेही लक्ष वेधले पाहिजे. जगात आज पांढरी अस्वले साधारणतः २६,००० असावीत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांचे वीसच्या आसपास गट मानले जातात. बेसुमार शिकारीमुळे त्यांची दैना झाली होती, तीवर उपाय म्हणून १९७३ साली कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच राष्ट्रांनी ऑस्लो येथे करार केला, आणि शीतयुद्धाच्या ऐन अमदानीत एका जनावरापुरते का होईना त्यांचे एकमत झाले. त्या कराराने शिकारीला आवर घातला. परंतु बर्फाच्या वितळण्याला आवर घालील असा हुकूम काढण्याचे सामर्थ्य कोणत्याच कराराच्या कलमांत नसते. आइसलंडच्या किनाऱ्यावर मेलेल्या अस्वलामुळे ही जात नष्ट होणार नाही, आणि वाचविलेल्या अस्वलामुळे ती तरणार नाही. दया दाखवायची असेल तर ती त्या एका भुकेल्या जिवासाठी दाखवावी. जातीच्या रक्षणाचा मोठा शिक्का तिच्यावर मारू नये.

वऱ्हाडातील वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूस जिला जबाबदार धरण्यात आले त्या वाघिणीला नोव्हेंबर २०१८मध्ये मारण्यात आले, तेव्हा काही गावांत पेढे वाटले गेले आणि शहरांत निषेधाच्या मेणबत्त्या पेटल्या. १९७२च्या आपल्या वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमाने असा हुकूम देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ठेवला आहे, आणि ठार मारण्यापूर्वी पकडण्याचा वा हलविण्याचा मार्ग खुंटल्याची खात्री करून घेण्याची अट त्यावर घातली आहे. अट चांगली आहे. पण मार्ग खुंटला की नाही हे, पकडण्याची तयारी मुळात किती होती यावरच अवलंबून राहते, आणि ही तयारी कायद्याच्या पुस्तकात नव्हे, अंदाजपत्रकात होत असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पहाटे मोहफुले वेचताना अस्वलाच्या पंजाने ज्यांचे चेहरे फाटले त्यांच्यासाठी मोर्चे निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण तो विषय निराळा आहे, आणि आपले अस्वलही निराळ्या जातीचे आहे.

नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात मात्र प्रश्नाचे रूप उलटे होते. तिथे अस्वल पाहुणे नसून यजमान आहे, आणि पाहुणा आहे तो माणूस. वस्तीबाहेर पडणाऱ्याने अस्वलाला भिवविण्याची साधने बाळगावीत असा तिथला कायदा आहे, व बहुतेक जण त्याबरोबर बंदूकही बाळगतात. जुलै २०१८मध्ये एका प्रवासी जहाजाचे रखवालदार प्रवाशांना उतरविण्यासाठी किनारा पाहायला पुढे गेले असता अस्वलाने त्यांच्यापैकी एकाला डोक्याला जखमी केले, आणि इतरांनी ते अस्वल मारले. जहाज-कंपनीवर जगभरातून शिव्याशापांचा पाऊस पडला. ऑगस्ट २०२०मध्ये लाँगइअरब्येन या मुख्य गावाजवळच्या तंबूंच्या मुक्कामावर एक डच माणूस झोपेतच मारला गेला. त्याच्याविषयी तितकी चर्चा झाली नाही. जहाजाच्या प्रकरणात, माझ्या मते, टीकाकारांचे म्हणणे बव्हंशी रास्त होते. ज्याला पाहायला म्हणून पैसे भरून आपण जातो त्याच्याच अंगणात त्याला मारण्याची पाळी आली तर ती दुर्दैवाची बाब नसून व्यवसायाची बाब असते. दारात आलेले अस्वल आणि अस्वलाच्या दारात गेलेला माणूस, या दोन प्रकरणांना एकच न्याय लावणारे लोक दोन्ही पक्षांत सापडतात.

ज्या गावाने हा प्रश्न सोडविला असे सगळे जग सांगते ते कॅनडातील चर्चिल, हडसन उपसागराच्या काठी वसलेले, सुमारे ८७० वस्तीचे. तिथे मोटारीने जाता येत नाही. आगगाडी नाहीतर विमान. उन्हाळ्यात उपसागराचा बर्फ वितळला की त्या भागातील सगळी अस्वले किनाऱ्यावर उतरतात, आणि अंगच्या चरबीवर दिवस काढीत नोव्हेंबरात बर्फ पुन्हा गोठण्याची वाट पाहतात. त्यांच्या वाटेवरच गाव वसलेले असल्यामुळे ही भेट अटळ आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे लष्करी तळ होता. तो उठला तेव्हा बंदोबस्त गेला आणि उकिरडे मात्र राहिले. अस्वले उकिरड्यावर पोसली जाऊ लागली, १९६८ साली एका तरुणाचा जीव गेला, आणि पुढच्या वर्षी अस्वलांच्या बंदोबस्ताची योजना सुरू झाली. आरंभी तिचे मुख्य हत्यार बंदूक हेच होते. १९८३ साली एका माणसाने आगीत जळालेल्या हॉटेलातून मांस खिशात भरून नेले आणि वाटेत अस्वलाने त्याला गाठले. गावातला तो आजवरचा शेवटचा मृत्यू.

त्यानंतरची व्यवस्था अशी. गावात अस्वल दिसताच फोन करण्यासाठी ठरलेला क्रमांक. रात्रंदिवस गस्त घालणारे वन्यजीव अधिकारी. मोठा आवाज करणारी काडतुसे. सीलच्या मांसाचे आमिष लावलेले, चाकांवरचे नळीसारखे पिंजरे. आणि विमानतळाजवळ जुन्या लष्करी इमारतीत बांधलेला अस्वलांचा तुरुंग, ज्यात २८ कोठड्या आहेत. या तुरुंगातील कैद्याला फक्त पाणी मिळते, अन्न मिळत नाही. हे ऐकून पहिल्यांदा कोणीही दचकतो. पण त्यामागचा विचार पक्का आहे. त्या ऋतूत अस्वल तसेही उपाशीच असते, आणि माणसाच्या घरी जेवायला मिळते ही विद्या एकदा त्याला शिकवली की ते पुन्हा येणार आणि शेवटी गोळीच खाणार. काही आठवडे ठेवून त्यास बेशुद्ध करतात, जाळ्यात घालून हेलिकॉप्टरला टांगून गावापासून उत्तरेस दूरवर नेऊन सोडतात. उघडा उकिरडा २००५च्या सुमारास बंद झाला, कचरा बंदिस्त इमारतीत जाऊ लागला. कोणाला पळायची वेळ आली तर आसरा मिळावा म्हणून लोक मोटारींना कुलूप लावीत नाहीत. आणि ऑक्टोबरअखेरीस मुले मुखवटे घालून घरोघर खाऊ मागत हिंडतात त्या रात्री बंदूकधारी गस्त गावाभोवती कडे करून उभी असते.

पण चर्चिलचे गोडवे गाताना दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली अशी की या साऱ्या बंदोबस्ताला प्रांतिक सरकारचा पैसा आहे आणि गावाला शरद ऋतूत अस्वले पाहायला येणाऱ्या प्रवाशांची कमाई आहे; चर्चिलला जिवंत अस्वल परवडते, कारण जिवंत अस्वलावरच चर्चिलचे पोट चालते. आणि दुसरी अशी की गावात अस्वलाला क्वचितच गोळी लागत असतानाही पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या २०१६मध्ये ८४२ होती ती २०२१च्या मोजणीत ६१८ भरली. बर्फाविना काढावे लागणारे दिवस गेल्या चार दशकांत काही आठवड्यांनी वाढले आहेत, आणि उपाशी आयांची पिल्ले तगत नाहीत. बंदुका म्यानबंद ठेवूनही अस्वले कमी होऊ शकतात, ही गोष्ट शिकारविरोधी पक्षाला जितकी अडचणीची तितकीच ‘सारे काही आलबेल आहे’ म्हणणाऱ्यांनाही.

रशियातील नोवाया झेम्ल्या द्वीपसमूहावर बेलुश्या गुबा या लष्करी वसाहतीत फेब्रुवारी २०१९मध्ये निराळेच नाट्य झाले. सुमारे ५२ अस्वले वस्तीच्या आसपास जमली, काही इमारतींत शिरली. आणीबाणी जाहीर झाली. गोळी घालण्याची परवानगी केंद्रीय खात्याने नाकारली व तज्ज्ञ पाठविले. अस्वलांचे तिथे काय काम होते, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा उकिरडा हेच निघाले.

उरला तो नुनावुत, म्हणजे उत्तर कॅनडातील इनुइट लोकांचा स्वशासित प्रदेश. आणि माझ्या मते या वादात ज्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायला हवे ते सर्वांत शेवटी ऐकले जातात. इनुइटांच्या दृष्टीने अस्वल हे ना राक्षस, ना देवदूत. ते शिकारीचे जनावर, त्याचे मांस खाण्यात येते, कातडे विकण्यात येते, आणि त्याच्याविषयी उणे बोलणे अशिष्ट समजतात. दर गावाला दरसाल किती अस्वले मारता येतील याचा कोटा ठरलेला असतो, आणि स्वसंरक्षणासाठी मारलेले अस्वल त्याच कोट्यातून वजा होते. म्हणजे दाराशी आलेले अस्वल मारले की गावातल्या एखाद्या शिकाऱ्याचा हक्काचा वाटा बुडतो. त्यामुळे विनाकारण गोळी घालण्यात तिथल्या माणसाला स्वारस्य नसते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. जुलै २०१८मध्ये आर्वियातजवळच्या एका बेटावर आपल्या मुलांना अस्वलापासून वाचविताना एक बाप मारला गेला, आणि पुढच्याच महिन्यात नाउयात गावच्या शिकाऱ्यांवर असाच प्रसंग आला. अस्वले आता इतकी झाली आहेत की लोकांच्या जिवाला धोका आहे, असे त्यानंतरच्या नुनावुत सरकारच्या मसुद्यात म्हटले गेले, आणि शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली. अस्वले वाढली नसून बर्फ लवकर जात असल्यामुळे ती किनाऱ्यावर अधिक काळ व अधिक संख्येने दिसतात, असे त्यांचे म्हणणे. गावकऱ्याच्या अंगणात पूर्वीपेक्षा जास्त अस्वले आहेत हे दोघांनाही मान्य आहे; त्यापुढचा मतभेद अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या फारसा उपयोगाचा नाही.

त्याच आर्वियातची एक हकीकत मात्र चर्चिलइतकी गाजली नाही. चर्चिलहून हाकललेली व उत्तरेकडे सरकणारी अस्वले त्या गावाच्या वाटेवर येतात, पण तिथे तुरुंग नाही, हेलिकॉप्टर नाही आणि प्रवाशांची गर्दीही नाही. २०१० साली विश्व वन्यजीव निधी या संस्थेने गावातल्याच माणसांची गस्त उभी करण्यासाठी पैसा दिला. गस्तवाले शरदाच्या रात्री चारचाकी मोटारसायकलींवरून गावाभोवती फिरतात, दिवे आणि आवाजाची काडतुसे वापरून अस्वलांना हुसकावतात. त्याशिवाय कुत्र्यांच्या खुंट्यांभोवती विजेची कुंपणे आणि मांस साठविण्यासाठी पोलादी पेट्या आल्या. आधी वर्षाकाठी स्वसंरक्षणासाठी सरासरी आठ अस्वले मारावी लागत. गस्त सुरू झाल्यावर हा आकडा एकावर आला. ज्यांनी कधी पांढरे अस्वल पाहिले नाही आणि पाहणारही नाहीत अशा दूरच्या वर्गणीदारांचा पैसा तिथे एका इनुइट माणसाच्या रात्रपाळीच्या मजुरीत रूपांतरित झाला, आणि कोट्यातले सात वाटे शिकाऱ्यांसाठी शिल्लक राहिले.